चौकातला दिवा आणि हवालदारांचा हात

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाईक दोनच गोष्टी सांगतं. कालपर्यंत उत्तम चालत होता, आणि आम्ही कुणी हात लावलेला नाही. या दोन वाक्यांवर विश्वास ठेवल्यासारखं दाखवत मी सांगलीत चाळीस वर्षं दुकान चालवलं. आता दुकान बंद आहे, कान मंदावलेत, आणि दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, धंद्यातलं काहीतरी गमतीचं लिहा.

गमती पुष्कळ. विश्रामबागेतल्या एक बाई तक्रार घेऊन आल्या की त्यांच्या सेटवर मराठीपेक्षा कानडी जास्त स्वच्छ लागतं, आणि हा त्यांच्या शेजारणीचाच उद्योग असावा. शेजारीण बेळगावची होती. वाईच्या एका गुरुजींनी सेट आणला तो सोवळ्याच्या धाबळीत गुंडाळून, आणि उघडण्यापूर्वी मला विचारलं, आंघोळ झाली आहे ना? आत झुरळांचा भरला संसार निघाला. झुरळांनाही तोच प्रश्न विचारावा असं फार वाटलं, पण गुरुजी एवढ्या लांबून आले होते.

असे किस्से मी पानपान सांगेन. पण ज्या कामाबद्दल माझ्या दुकानात काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं, त्याबद्दल आजवर एक ओळ लिहिलेली नाही. ‘स्वयंचलित वाहतूकदीप तयार केल्याबद्दल’ असं त्यावर लफ्फेदार अक्षरात होतं. गिऱ्हाइकं ते वाचून माझ्याकडे आदराने बघत आणि मी विषय बदलत असे. का, ते आज सांगून टाकतो.

लढाई संपली आणि मी लष्करातून सुटून आलो. सिग्नल्समध्ये हवालदार होतो, वायरलेसचं काम. गाव साताऱ्याजवळचं. घरी ऊस होता, भाऊ होते, आणि आता मी मुकाट्याने उसाला पाणी पाजावं असं सगळ्यांचं एकमत होतं. सहा वर्षं वायरी जोडलेल्या माणसाला सरीत करमेना. मी सांगलीला आलो आणि हळदीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका चौकात, दहा फुटांचं दुकान घेतलं. सांगलीत तेव्हा संस्थान होतं, वीज होती आणि रेडिओ बाळगणारी बरीच मंडळी होती.

चौकात एक रस्ता नदीकडून चढ चढून यायचा आणि दुसरा त्याला आडवा जायचा. हळदीच्या हंगामात पोत्यांनी लादलेल्या बैलगाड्यांची तिथे रीघ लागे. त्यात टांगे, सायकली, आणि पेट्रोलच्या टंचाईमुळे मागे कोळशाची भट्टी लावून धावणाऱ्या मोटारी. या सगळ्याला एकच माणूस वळण लावत असे, तो म्हणजे बिरा हवालदार.

खरं तर ते शिपाई होते. मी लष्करातला खरा हवालदार, पण मला सगळे मिस्त्री म्हणत, आणि ते शिपाई असून त्यांना सगळं गाव हवालदार म्हणे. सहा फूट उंची, पन्नाशी उलटलेली, पिंढऱ्यांवर फुगलेल्या शिरा. मूळचे माणदेशातले. बापजाद्यांची मेंढरं. लहानपणी मेंढरं वळवलेला हात मोठेपणी गाड्या वळवायला लागला, एवढाच काय तो बदल. ते शिट्टी क्वचित वाजवत. उजवा हात आडवा केला की गाडी थांबे, आणि पंजा जरा हलवला की निघे. बैलांनाही तो हात कळतो असं गाडीवान म्हणत, कारण अर्धे गाडीवान पोत्यांना टेकून झोपलेलेच असत.

दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून ते पिंढऱ्या चोळत, आणि मी त्यांना लढाईतल्या गोष्टी सांगे. कैरोत मी चौकात दिवे पाहिले होते. तांबडा लागला की थांबायचं, हिरवा लागला की जायचं, आणि मध्ये माणूस नाही.

"माणूस न्हाई? मग आयकतं कोण?"

"दिव्याचं ऐकतात, हवालदार."

"लय शानी मानसं असतील," ते म्हणाले.

असा दिवा आपणच करावा हे खूळ माझ्या डोक्यात त्या पायरीवर शिरलं. आपल्याला येतं ते लोकांना दिसावं, एवढीच त्यामागची थोर भावना. हवालदारांच्या पायांना आराम मिळेल असंही मी म्हणत असे, आणि ते मला खरंच वाटत होतं.

सामानाला तोटा नव्हता. लष्कराचा मोडीत निघालेला माल तेव्हा पुण्याच्या बाजारात ढिगाने मिळे. एक व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी, एक कंडेन्सर आणि दोन रिले एवढ्यावर माझं सर्किट उभं राहिलं. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नात मुहूर्त मोजायला पूर्वी घटिकापात्र ठेवत. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात हळूहळू भरे आणि बुडाली की घटका झाली. कंडेन्सर म्हणजे ती वाटी. तो विजेने हळूहळू भरतो, भरला की व्हॉल्व्हला जाग येते, व्हॉल्व्ह रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या बटणाला, ओढतो, रिले ‘टक्’ करतो आणि तांबड्याचा हिरवा होतो. मग कंडेन्सर रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. वाटीचं भोक लहानमोठं करायला एक घुंडी असते. ती घुंडी कुठे ठेवायची, म्हणजे दिवा किती वेळ ठेवायचा, हा सगळा प्रश्न.

मी लष्करी थाटात अर्धा मिनिट ठरवला. हवालदार हसले.

"चढाची गाडी हाय मिस्त्री, दहा पोती लादल्याली. अर्ध्या मिंटात बैलाचं शेपूटबी निघायचं न्हाई."

"मग किती वेळ लागतो?"

"बघून."

"बघून म्हणजे किती? दिव्याला बघता येत नाही."

त्यावर त्यांनी कमरेची चंची चाचपली. मग म्हणाले, "चढाच्या गाडीला चिमूटभर तंबाखू मळून, झटकून, दाढंला लावीस्तवर. आडव्या रस्त्याला नुसती मळून हुईस्तवर."

मी गमतीने घड्याळ काढलं. त्यांनी तंबाखू मळली, झटकली, दाढेला लावली. बारा वेळा मळायला लावली मी त्यांना. एका सेकंदाचा फरक पडेना. शेवटी तंबाखूची पिशवी रिकामी झाली आणि मी त्या वेळावर दोन घुंड्या लावून त्यांवर लाखेचं सील केलं. लष्करी व्हॉल्व्ह, लष्करी कंडेन्सर आणि माणदेशी तळहात, असं ते यंत्र झालं. वीस दिवस दुपारची विश्रांती सोडून हवालदार माझ्यासोबत खपले. रॉकेलचा डबा कापून चार तोंडांचा कंदील केला, रेल्वेच्या मोडक्या कंदिलांच्या तांबड्या-हिरव्या काचा बसवल्या आणि दुकानासमोरच्या खांबावर तो टांगला. समोरचे हॉटेलवाले तात्या आपल्या पायरीवर येऊन म्हणाले, "मिस्त्री, दिवाळी लांब हाय की अजून. आकाशकंदील कशापायी?"

त्याच सुमाराला संस्थानचे एक बडे अधिकारी स्वतः रेडिओ घेऊन दुकानात आले. त्यांना आपण साहेबच म्हणू. त्यांनी दिवा पाहिला, घुंड्या पाहिल्या, फार खूश झाले. हवालदार शिडी धरून उभे होते आणि मी वर दोन स्क्रू दातांत धरून.

साहेब म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी चालवून दाखवा. चालला, तर तुम्हांला वीजखात्यात घेऊ. आणि या चौकातला शिपाईही कमी करता येईल."

दोन्ही वाक्यं मी नीट ऐकली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की दुसरं ऐकू आलं नव्हतं.

साहेब गेल्यावर हवालदारांनी खालून विचारलं, "मिस्त्री, कमी करत्यात म्हंजे कुठं घालत्यात?"

"कुठंतरी सावलीत बसवतील की तुम्हांला."

"व्हय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पेन्शनीला सव्वा वरीस हाय अजून."

माझ्या दातांत स्क्रू होते, त्यामुळे मी बोललो नाही. त्याआधीचं वाक्य मात्र मी स्क्रूसकट बोललो होतो.

सोमवारी तिन्हीसांजेला साहेब माझ्या दुकानासमोर दिव्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसले. हवालदारांना त्यांनी चौकातून बाजूला व्हायला सांगितलं. मी आत बटण दाबून साहेबांच्या शेजारी येऊन उभा राहिलो आणि दिवा लागला. आता, आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की माणूस काय करतो? पहिल्याच गाडीवानाने कासरा मांडीवर सोडला आणि दिव्याला हात जोडले. मागच्यानेही जोडले. मी मागे वळून गाड्यांकडे बघितलं. कैरोत हे कुणी केलं नव्हतं. मग मी डोळे फाडून दिव्याकडे बघत बसलो आणि रिलेचा ‘टक्’ मोजत राहिलो. टक्, हिरवा. गाड्या निघाल्या. टक्, तांबडा. थांबल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा थांबल्या. घरच्या ओढीने निघालेले बैलसुद्धा थांबले. अर्धा तास एकही चूक नाही. साहेबांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, सांगलीचं कैरो झालं.

शिपाई कमी करायचा हुकूम निघायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत हवालदार नेहमीसारखे चौकात उभे असत, डोक्यावर माझा दिवा चालू असे, आणि सगळं सुरळीत होतं. त्याचं श्रेय मी दिव्याला देत होतो. नवव्या दिवशी त्यांनी पट्टा आणि पगडी जमा केली, दुकानात येऊन म्हणाले, "येतो मिस्त्री," आणि गावाला गेले. सावलीतलं काम वगैरे कुठे नव्हतंच.

दहाव्या दिवशी सकाळी दहाच्या आत चौकात एकवीस गाड्या एकमेकींत अडकल्या. मी रस्त्यावर धावलो. एक गाडीवान जुवावर उभा राहून इकडेतिकडे बघत होता.

"हवालदार कुठं हायती? जाऊ का नगं?"

"दिव्याकडं बघा की!"

त्याने दिव्याकडे नीट बघून घेतलं. "बघितला. पर जाऊ का नगं?"

संध्याकाळी तर कहर झाला. दर वेळी नवा दिवा लागला की चारी बाजूंनी हात जोडले जात, तांबड्याला आणि हिरव्याला सारखेच, आणि बैल आपल्या मर्जीने एकमेकांच्या अंगावर जात. हॉटेलवाले तात्या पायरीवर उभे राहून मजा बघत होते.

मी म्हणालो, "तात्या, सोमवारी हे असं झालं नव्हतं."

"सोमवारी कसं हुईल? सोमवारी बिरा हितं माझ्या पायरीवर हुबा हुता न्हवं. दिव्याकडं बघायचा आन् हात करायचा. दिवा हिरवा झाला की पंजा हलवायचा, तांबडा झाला की आडवा धरायचा. गाडीवान समदे त्याच्याकडं बघत हुते. तुमाला दिसला न्हाई?"

दिसला नव्हता. साहेबांची आणि माझी, दोघांचीही पाठ हॉटेलकडे होती. चौकातली सगळी माणसं त्या हाताकडे बघत होती आणि आम्ही दोघंच तेवढे दिव्याकडे. मला तिथेच, त्या गाड्यांच्या गोंधळात, मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना फक्त हात खिशात घालून उभं राहायचं होतं. दिवा आपोआप पडला असता आणि त्यांची नोकरी राहिली असती.

साहेबांकडे गेलो आणि दिवा चालत नाही असं सरळ सांगितलं. साहेब अडचणीत आले, कारण शेजारच्या संस्थानातल्या मंडळींना ते दिवा बघायला बोलावून बसले होते. "चालत नाही असं कसं? मी स्वतः पाहिला," ते म्हणाले. तेव्हा मला आयुष्यात एकदाच सुचावी अशी गोष्ट सुचली. मी म्हणालो, "साहेब, दिवा चालतो, पण त्याच्या घुंड्यांचं माप फक्त बिरा हवालदारांना ठाऊक आहे. ते शेजारी असल्याशिवाय तो चालायचा नाही." यात खोटं काहीच नव्हतं. दोन दिवसांत हुकूम निघाला: वाहतूकदीपाच्या देखरेखीसाठी एक शिपाई नेमावा, आधीची नोकरी अखंड धरून. वीजखात्याचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही, आणि माझ्या हातात ते प्रशस्तिपत्र ठेवलं.

हुकूम खिशात घालून मी कोळशाच्या मोटारीने दहिवडीला गेलो. वाटेत भट्टी दोनदा विझली. पुढे तीन कोस चाललो. हवालदार माळावर भावाची मेंढरं घेऊन बसले होते. मला बघून उठले, घोंगडी पसरली, आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवा चालतोय न्हवं?"

"नाही चालत. तुमचा हात चालत होता."

ते मेंढरांकडे बघत राहिले. चिडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही का केलंत असं?" मी विचारलं. "साहेब काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं होतं."

"आयकलं हुतं की. पर गाडीवान हात जोडाय लागलं, तुमी मागं वळलासा आन् तुमचं त्वांड मी बघितलं, पार उतारल्यालं. साहेबाफुडं तुमी गार पडला असता." त्यांनी चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली. "आन् दिवा एकट्या तुमचा हुता व्हय? माप माझं हाय न्हवं त्यात. माझ्या डोळ्यादेखत पडू कसा देऊ?"

मला कैरोतला दिवा आठवत होता, सर्किट आठवत होतं, साहेबांची थाप आठवत होती. वीस दिवस शेजारी बसलेल्या माणसालाही हा दिवा आपला वाटत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी हुकूम पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. ‘देखरेख’ या शब्दावर त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजे मी दिव्याकडं बघायचं?"

"तुम्ही गाड्यांकडं बघा. दिव्याचं मी बघतो."

हवालदार परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून चौक सुतासारखा सरळ झाला. शेजारच्या संस्थानची मंडळी येऊन दिवा बघून गेली, फार प्रभावित झाली.

आता दिव्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. दोन-तीन आठवड्यांनी साहेबांचा रेडिओ बंद पडला. त्यातला व्हॉल्व्ह गेला होता आणि नवा कुठे मिळेना. साहेबांना तर संध्याकाळच्या बातम्यांपूर्वी सेट हवा होता. नेमका तसाच व्हॉल्व्ह खांबावरच्या दिव्याच्या पेटीत होता. मी तो काढून साहेबांच्या सेटमध्ये घातला. तेव्हापासून दिव्याचं ‘टक्’ बंद झालं. नदीच्या रस्त्याला कायमचा हिरवा आणि आडव्या रस्त्याला कायमचा तांबडा. चौकातल्या एकाही माणसाच्या हे लक्षात आलेलं दिसलं नाही. साहेब जाता-येता मोटारीतून दिव्याकडे समाधानाने बघत, आणि घरी जाऊन त्याच दिव्याच्या व्हॉल्व्हवर बातम्या ऐकत. पुढे संस्थान विलीन झालं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले. पण ‘वाहतूकदीपाची देखरेख’ हा कागद नव्या फायलींत व्यवस्थित पुढे सरकत राहिला, आणि त्याच्या आधारावर हवालदारांची सव्वा वर्षं पुरी झाली. माझ्या सर्किटने केलेलं हे एकमेव उपयोगी काम.

शेवटच्या दिवशी दुपारी ते पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "मिस्त्री, आज दिवा चालू करा की. लय दिस टक् आयकलं न्हाई."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ‘सर्व्हिसिंग करायचं आहे’ म्हणून जुन्या साहेबांच्या घरून रेडिओ आणवला, व्हॉल्व्ह काढला आणि दिव्याच्या पेटीत बसवला. घुंड्यांवरचं सील तसंच होतं.

तिन्हीसांज झाली. हवालदार चौकाच्या मध्यभागी नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ घेतो, तेवढा घेतला. मग टक्, आणि चढाच्या रस्त्याला हिरवा लागला.

या वेळी मी दिव्याकडे बघत नव्हतो. हवालदारांनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं, उजवा हात खाली घेतला, आणि डावा हात त्याला लावून जोडला. इतक्या महिन्यांत त्यांना दिव्याला हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. हात मोकळाच कुठे असायचा?

ते बराच वेळ तसेच उभे होते, तंबाखू मळून, झटकून, दाढेला लावीपर्यंत. चढाच्या रस्त्यावर पोत्यांनी लादलेल्या सात गाड्या थांबल्या होत्या. कुणी हाक मारली नाही की बैलाला टोचलं नाही. सगळे गाडीवान त्यांचा हात सुटायची वाट बघत होते, आणि वर दिवा हिरवा होता.